शनिवारी माझा फोन का लागला नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

शनिवारी रात्री तुम्ही पुन्हापुन्हा फोन करत राहिलात, तो लागला नाही आणि तुमची रात्र काळजीत गेली, याचे मला फार वाईट वाटते. मी मैत्रिणीबरोबर व्हँकुव्हरहून सीमा ओलांडून अमेरिकेतील माउंट बेकरला स्नोबोर्ड शिकायला गेले होते. ग्लेशियर हे गाव मागे पडल्यावर फोनला रेंज नव्हती. हे आधी कळवायला हवे होते. चूक माझीच आहे.

बाबा, कागदपत्रांची चिंता करू नका. कॅनडाच्या वर्क परमिटवर अमेरिकेत जाता येत नाही, त्यासाठी भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो. तो होता, आणि परतताना दाखवायला परमिटही जवळ होते. सुमासच्या नाक्यावर अधिकाऱ्याने कुठे चाललात आणि परत केव्हा येणार, एवढेच विचारले.

तिथला बर्फ मात्र शब्दांत मावणारा नाही. १९९८-९९च्या हंगामात या ठिकाणी १,१४० इंच, म्हणजे जवळजवळ २९ मीटर बर्फ पडला आणि तो एका हंगामातील हिमवर्षावाचा जागतिक विक्रम ठरला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती पाहिल्यावर तो आकडा मला खरा वाटू लागला.

स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले असतात, त्यामुळे तोल गेला तर एक पाय पुढे टाकून सावरण्याची सोय नसते. आधी टाचेकडच्या कडेवर भार देऊन, तोंड उताराकडे ठेवून हळूहळू घसरायला शिकवतात. मग पाठ उताराकडे करून बोटांकडच्या कडेवर. हा दुसरा भाग मला फार जड गेला, कारण आपण कुठे चाललो आहोत हे दिसत नाही आणि शरीर आपोआप मागे झुकते. उताराकडची कड चुकून बर्फात रुतली की क्षणात माणूस आपटतो. मी किती वेळा पडले ते मोजले नाही, पण दुपारनंतर डाव्या बाजूचे वळण तीनदा न पडता घेतले, तेव्हा मला रडूच आले.

आई, तुझ्यापासून काही लपवत नाही: उजवे मनगट दुखावले आहे. पडताना हात टेकण्याची सवय सुटत नाही आणि नवशिक्यांना सर्वाधिक इजा तिथेच होते. हेल्मेट होते, मनगटाचे संरक्षक पट्टे मात्र घेतले नव्हते. डॉक्टरांनी तपासून हाड शाबूत असल्याचे सांगितले. सूज उतरली आहे. झाडांच्या बुंध्याभोवती भुसभुशीत बर्फाचे खोल खड्डे असतात, त्यात डोक्यावर पडलेल्या माणसाला स्वतःहून बाहेर येता येत नाही, म्हणून आम्ही झाडीत गेलोच नाही आणि दिवसभर एकमेकींच्या नजरेआड झालो नाही.

मनगट पूर्ण बरे झाले की मला पुन्हा जायचे आहे, आणि या वेळी ते पट्टे घेऊनच. निघण्याच्या आदल्या दिवशी तुम्हाला कळवीन. सकाळी आठला ग्लेशियर सोडण्यापूर्वी, म्हणजे तुमच्याकडे रात्री साडेनऊला, एक फोन करीन आणि परत त्याच गावी पोहोचल्यावर दुसरा. तो तुमच्याकडे सकाळी साडेसातच्या सुमारास येईल. मधली रात्र कृपा करून झोपा.

तुमची,
धाकटी