आंबट बिअर जरूर करा, नाव मात्र आपले द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील छोटे बिअर उत्पादक बेल्जियममधील जुन्या आंबट बिअरकडे कसे वळले आहेत, यावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. मी आयुष्याचा बराच काळ वाईनरीच्या तळघरात काढला आहे, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा वाटला. परंतु या बिअरचे नाव कोणी वापरावे, हा प्रश्न लेखात राहून गेला आहे आणि नाशिकला तो सर्वांत जवळचा आहे.

लँबिक ही ब्रसेल्स आणि त्याच्या पश्चिमेकडील पायोटनलँड भागातली जुनी आंबट बिअर. बार्लीच्या माल्टबरोबर (मोड आणून वाळवलेल्या दाण्यांबरोबर) साधारण एक तृतीयांश कच्चा गहू वापरून गोड अर्क काढतात, कडवटपणा कमी व्हावा म्हणून मुद्दाम जुने केलेले हॉप्स (बिअरला कडू चव देणारी फुले) घालून तो उकळतात आणि मग उथळ, उघड्या हौदात रात्रभर निवू देतात. यीस्ट कोणी घालत नाही; हवेतून, छपरातून आणि लाकडी पिंपांतून येणारे सूक्ष्मजीव ते काम करतात. उष्ण हवेत नको ते सूक्ष्मजीव माजतात, म्हणून हा उद्योग ऑक्टोबर ते एप्रिल या थंडीच्या महिन्यांतच चालतो. पुढे एक, दोन आणि तीन वर्षे मुरलेल्या लँबिकचे मिश्रण बाटलीत पुन्हा आंबवले की त्याला ग्यूझ म्हणतात. या मुरण्यात ब्रेटानोमायसीस या यीस्टचा मोठा वाटा असतो. १९०४ साली कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत क्लॉसेन यांनी इंग्लिश बिअरच्या अभ्यासातून ते जगासमोर आणले. आम्हा वाईनवाल्यांना मात्र त्याचे नाव काढले तरी घाम फुटतो, कारण रेड वाईनच्या पिंपात ते शिरले की तबेल्याचा वास येऊ लागतो. आम्ही ज्याला हाकलतो, त्याला ती मंडळी जिवापाड जपतात!

मेन राज्यातील अलागॅश या बिअर उत्पादकाने २००७ मध्ये असा उघडा हौद बसवला, तेव्हा अमेरिकेत हे जमणार नाही असे मानणारेही होते. लेखात या धाडसाचे योग्य ते कौतुक आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती टेक्सासमधील जेस्टर किंग या बिअर उत्पादकांची गोष्ट. तीन वर्षांचे मिश्रण तयार झाल्यावर त्यांनी २०१६ मध्ये बाटलीवर ‘मेथड ग्यूझ’ (ग्यूझची पद्धत) असे लिहिले. बेल्जियमच्या लँबिक उत्पादकांच्या ‘होरल’ या संघटनेने हरकत घेतली आणि चर्चेनंतर त्याऐवजी ‘मेथड ट्रॅडिशनेल’ (पारंपरिक पद्धत) हे शब्द स्वीकारण्यात आले. नावाला युरोपात असलेले संरक्षण टेक्सासला लागू नसतानाही त्यांनी हे केले.

आपल्या शहरात एका ठिकाणच्या मेन्यूकार्डावर मी अलीकडे ‘लँबिक’ वाचले. चौकशी केली, तेव्हा ती उकळीच्या भांड्यातच लॅक्टोबॅसिलस या आंबटपणा आणणाऱ्या जिवाणूने दीड-दोन दिवस आंबवून, नंतर नेहमीचे यीस्ट आणि फळांचा रस घालून केलेली बिअर निघाली. ही पद्धत जगभर मान्य आहे आणि उन्हाळ्यात अशी बिअर मलाही आवडते. तिला ‘आंबट बिअर’ म्हणावे, एवढेच. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन आहे आणि इथल्या फेसाळ वाईनवर ‘शॅम्पेन’ न लिहिता पारंपरिक पद्धतीचा उल्लेख केला जातो. जी शिस्त आपण फ्रान्सच्या बाबतीत पाळतो, ती बेल्जियमच्या बाबतीत सोडण्याचे कारण दिसत नाही. परक्या मुलखात कोणी आपले नाव भलत्याच बाटलीवर चिकटवले, तर आपणच पहिल्यांदा ओरड करू.

खरे तर ज्याला तीन वर्षे भांडवल अडकवून बसण्याची तयारी आहे, त्याला नाशिकमध्ये उसन्या नावाची गरजही नाही. निफाडचा पारा थंडीत कधी कधी पाच अंशांखाली जातो आणि त्याच सुमारास वाईनच्या द्राक्षांची तोडणी सुरू होते. ब्रसेल्समधील कॅन्टिलॉन हा उत्पादक द्राक्षे घालूनही लँबिक मुरवतो. इथे तर द्राक्षे दाराशी आहेत. अशा बिअरच्या लेबलवर गावाचे नाव, पिंपात घातल्याचे वर्ष आणि यीस्ट बाहेरून घातले की नाही, एवढे स्पष्ट लिहिण्याची प्रथा उत्पादकांनी आपणहून पाडावी, अशी माझी विनंती आहे. फक्त ब्रेटानोमायसीस वाईनमध्ये शिरू नये म्हणून जागा वाईनरीला लागून घेऊ नये, आणि अशा बिअरसाठी वापरलेली पिंपे पुन्हा वाईनकडे पाठवू नयेत.

आपला,
एक निवृत्त वाईनरी कर्मचारी,
गंगापूर रोड, नाशिक