पाणथळ जागांच्या नियोजनात उघाड्यांचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नेरूळच्या खाडीकाठच्या पाणथळ जागांवरून गेली कित्येक वर्षे चाललेला वाद जवळजवळ सगळा जमिनीचा आहे. भूखंड कोणाचा, विकास आराखड्यात त्यावर कोणते आरक्षण पडले, त्याला ‘पाणथळ जागा’ म्हणायचे की नुसता ‘धारण तलाव’, हे प्रश्न न्यायालयापर्यंत गेले आणि ते महत्त्वाचे आहेतच. पण रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा थवा तलावात उतरणार की नाही, हे ठरते ते पाण्याच्या खोलीवर आणि भरती-ओहोटीबरोबर ते पाणी हलते की नाही यावर. हे पाणी आत-बाहेर जाते ते मोऱ्यांतून आणि उघाड्यांतून, म्हणजे पाणी अडवण्या-सोडण्याच्या दारांतून, आणि नेमकी तीच जबाबदारी आज कोणा एकाकडे नाही.

ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडला की रोहित त्यावर चरतात. भरतीने चिखल झाकला गेला की त्यांना उभे राहण्यापुरते उथळ पाणी दुसरीकडे शोधावे लागते, आणि त्यासाठी ते खाडीलगतच्या तलावांकडे येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐन भरतीच्या वेळी काठावर उभे राहिले की शेकडो पक्षी एका पायावर, मान पाठीत खुपसून, वाऱ्याकडे तोंड करून उभे दिसतात. पाणी उतरू लागले की एकेक तुकडी खाडीच्या दिशेने निघते. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, तशी त्यांची ये-जाही सरकते. म्हणजे खाडी आणि तलाव मिळून हा एकच अधिवास आहे. सरकारदरबारी मात्र 2015 साली घोषित झालेल्या आणि 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेल्या ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याची हद्द वाशीच्या पुलापाशी संपते, आणि नेरूळचे तलाव तिच्या बाहेर राहतात.

2024 च्या उन्हाळ्यात नेरूळच्या डीपीएस शाळेजवळच्या तलावाच्या (डीपीएस तलावाच्या) परिसरात रोहित मेल्यावर प्रथमच खाडीचे पाणी तलावात आणणाऱ्या मोऱ्यांकडे सर्वांचे लक्ष गेले. अशी एखादी मोरी जवळून पाहावी. तोंडाशी साचलेला गाळ, त्यात रुतलेल्या पिशव्या आणि बाटल्या, कडेने वर आलेली तिवराची टोकदार श्वासमुळे, आणि आत हिरवट साय धरलेले, न हलणारे पाणी. येथे कोणी मुद्दाम भराव टाकला नाही तरी मोरी बुजली की तलाव मरतो, आणि ती साफ कोणी करायची, असे विचारत मी ज्या ज्या कार्यालयात गेलो, तेथे मला दुसऱ्या कार्यालयाचा पत्ता मिळाला.

मुळात हे तलाव सखल शहर बुडू नये म्हणून आहेत. पावसाळ्यात उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की उघाडी बंद करून पावसाचे पाणी तलावात धरायचे आणि ओहोटीला ते खाडीत सोडायचे, हे त्यांचे काम. पूरनियंत्रण हवे की पक्षी, असा पेच यावरून उभा केला जातो, तो मला पटत नाही. पूरनियंत्रणाची गरज जून ते सप्टेंबरची आहे, आणि रोहित साधारण नोव्हेंबरपासून पाऊस लागेपर्यंत येथे असतात. एकाच उघाडीला दोन हंगामांची दोन वेळापत्रके लावता येतात. खरी अडचण गाळ काढण्याची आहे. पक्षी गेल्यानंतर आणि पाऊस लागण्यापूर्वी फारच थोडे दिवस मिळतात, कांदळवन असेल तेथे परवानग्या लागतात, आणि सरसकट खोल खणले तर पुढच्या हंगामात रोहितांना पाय टेकता येत नाहीत. त्यामुळे कोठे किती खणायचे, हे अभियंता आणि पक्षिअभ्यासक यांनी एकत्र बसूनच ठरवले पाहिजे.

2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली, हे स्वागतार्ह आहे. मात्र अशा क्षेत्रासाठी वन्यजीव संरक्षण कायद्यात जी व्यवस्थापन समिती सांगितली आहे, तिची रचना खेड्याचा विचार करून झालेली दिसते. तीत वन विभाग, ग्रामपंचायती, स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी आणि कृषी व पशुसंवर्धन विभागांचा एकेक प्रतिनिधी असतो. नेरूळच्या तलावासाठी पशुसंवर्धन विभागाचा माणूस खुशाल असावा, पण उघाड्या आणि मोऱ्या ज्यांच्या हाती, त्या सिडको आणि महापालिकेच्या अभियंत्यांना त्या यादीत जागा नाही. खाडीचे पाणी कोठून शिरते आणि कोठे अडते, हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या आगरी-कोळी मच्छीमारांनाही नाही. खारभूमीचे बांध आणि उघाड्या याच लोकांनी सांभाळल्या, आणि जिताडा व निवटी कमी झाली की पाणी बिघडल्याचे पहिल्यांदा त्यांनाच कळते.

म्हणून राज्य शासनाने सिडको, महापालिका, वन विभागाचा कांदळवन कक्ष, पक्षिअभ्यासक आणि मच्छीमार यांची एक संयुक्त समिती नेमावी आणि केवळ एका तलावासाठी नव्हे, तर उरणच्या पाणजेपर्यंतच्या पाणथळ जागांसाठी पाण्याचा एकत्र आराखडा करावा, अशी विनंती आहे. तो होईपर्यंत येत्या नोव्हेंबरपूर्वी प्रत्येक तलावात पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी बसवावी आणि उघाडीशेजारी ती चालवणाऱ्या अधिकाऱ्याचे पद व दूरध्वनी क्रमांक लिहिलेला फलक लावावा.

आपला,
एक रहिवासी, नेरूळ, नवी मुंबई