एकट्याकडे बघ

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

समोर बोलायला लागले की ‘हो गं आई’ म्हणत तू चपला घालून निघतेस, म्हणून हे पत्र. सोमवारपासून कॉलेजला स्कूटी नेणार आहेस. हेल्मेटचं बाबा सांगतीलच. मला सांगायचंय ते नजरेबद्दल.

हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांची १९४४ सालची एक छोटी फिल्म मी वर्गात दाखवते. मोठा त्रिकोण, लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेली चौकट, एवढंच फिरतं पडद्यावर. तरी मिनिटभरात मुली म्हणायला लागतात, “मॅडम, तो मोठा त्या दोघांना छळतोय!” मूळ प्रयोगात तर पहिल्या ३४ जणींपैकी एकीनेच सगळं निव्वळ आकारांच्या भाषेत सांगितलं. पुढे २००९ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी पडद्यावर गोळ्यांची गर्दी सोडली. एक गोळा दुसऱ्याच्या अगदी रोखाने मागे लागला की बघणाऱ्याला तो चटकन ओळखू यायचा. रोख बराच इकडेतिकडे ढळला की पाठलाग गर्दीत लपून जायचा. दोघांचं आपापसात काहीतरी चाललंय असं वाटलं की नजर तिकडे धावते. आपल्याला विचारत नाही गं ती.

रस्त्यावर मला याचीच धास्ती वाटते. परवा अलका टॉकीजच्या चौकात दोन पोरं बाइकवरून एकमेकांना कट मारत गेली आणि सिग्नलला थांबलेल्या सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. त्याच वेळी दुसऱ्या बाजूला कापडी पिशवी घेतलेले एक आजोबा डिव्हायडरवरून एक पाय खाली टाकत होते. कुणाशी देणंघेणं नाही, खाली बघत, सावकाश. त्यांच्याकडे बघायला कुणी मोकळंच नव्हतं.

म्हणून अशी जोडी दिसली की तिच्यावरून नजर मुद्दाम काढायची आणि एकटं कोण आहे ते शोधायचं. कडेला उभ्या रिक्षाचं पुढचं चाक बघ. ते वळलं की रिक्षा निघाली समज, हात कुणी दाखवत नाही. थांबलेल्या बसच्या पुढून माणूस येणार हे धरूनच चाल.

रविवारी सकाळी कर्वे रोडला चक्कर मारू. मी मागे बसेन. कोण एकटं दिसतंय ते तू मोठ्याने सांगत जायचं.

तुझी,
आई