रविवारची प्राग फेरी: सभासदांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी पावणेनऊला जुन्या शहराच्या चौकात, टाउन हॉलच्या मनोऱ्यापाशी जमायचं आहे. उशीर करू नका. १४१० सालचं खगोलीय घड्याळ नऊच्या ठोक्याला बघायचंय. सगळे वरच्या खिडक्यांतून फिरणाऱ्या प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या, पुतळ्यांकडे बघतात. तुम्ही तबकडीच्या उजवीकडचा सांगाडा बघा, घंटेची दोरी तोच ओढतो.

मनोऱ्याजवळच फरसबंदीत पांढरे २७ क्रूस आहेत. हाब्सबर्ग राजघराण्याच्या सत्तेविरुद्धच्या बंडाबद्दल १६२१ मध्ये इथे २७ जणांना मृत्युदंड दिला गेला. कृपया त्यांवर उभं राहून फोटो काढू नका.

समोरचं टिन चर्च उघडं असेल तर खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे यांची कबर पाहून पुढे जाऊ.

सर्वात जास्त वेळ ज्यू वस्तीसाठी, म्हणजे योसेफोवसाठी ठेवलाय. तिथली सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, शनिवारी बंद असतात, म्हणूनच रविवार निवडला. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे ८०,००० बोहेमिया आणि मोराविया या चेक प्रांतांतल्या ज्यूंची नावं लिहिलेली आहेत, ओळीमागून ओळ, बारीक अक्षरात. तिथे घाई नको, मुलांनाही आधी समजावून आणा. शेजारच्या दफनभूमीत जागा अपुरी पडल्याने थरांवर थर रचले गेले. एकमेकांना टेकलेले दगड त्यामुळेच. पुरुषांनी टोपी आणावी.

शेवटी चार्ल्स पूल. बरेचसे पुतळे आता प्रतिकृती आहेत, तरी चुकवू नये असाच.

सगळीकडे दगडी रस्ते आहेत, चांगले बूट घाला. तिकिटांसाठी गुरुवारपर्यंत नावं कळवा.