विषय : जैन एक्स्ट्राचे 30 रुपये घेऊन कांद्याची भाजी वाढल्याबद्दल

प्रति,
मॅनेजर साहेब आणि हॉटेलचे मालक,

साहेब नमस्कार. मागच्या रविवारी रात्री आम्ही सात जण तुमच्या लातूरच्या औसा रोडवरच्या ब्रँचला जेवायला आलो होतो. पंचमीला ताई माहेरी आलेली, दाजी तिला न्यायला आलेले, म्हणलं चला एक दिवस बायकांना चुलीपासून सुट्टी. वेटिंगला पाऊण तास बसलो, त्याचं काही नाही, रविवार म्हणल्यावर तेवढं चालतं.

मुद्दा आईचा आहे. आई माळकरी, आणि चातुर्मास चालू, म्हणजे आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं बंद. हे मी ऑर्डर देतानाच तुमच्या कॅप्टनला सांगितलं, एकदा नाही दोनदा सांगितलं, आणि हे पण म्हणलं की होत नसेल तर तसं सांगा, आई दही-भाकरी खाईल, तिला काहीच वाटणार नाही. तर तो म्हणला, "काय टेन्शन घेऊ नका सर, शेवभाजी जैनमध्ये देतो, वेगळी बनते." आईला दात कमी, शेवभाजीत भाकरी कुस्करून खाते, म्हणून मी पण खुश.

बाकीच्यांसाठी काजूकरी, वांगं मसाला आणि दाल तडका सांगितला. भाज्या आल्या तेव्हाच मला डाऊट आला, कारण काजूकरी, वांगं आणि आईची शेवभाजी या तिन्ही वाट्यांचा रंग एक, वर तरंगणारं तेल एक, वास पण एकच. काजूकरी खरं तर गोडसर, पांढुरकी पाहिजे ना हो, ही लालभडक. काजू मोजले, साडेपाच. असो, ते आपलं आपण खाल्लं.

आईचे दोन घास झाले आणि ती थांबली. काही बोलली नाही, निस्तं ताईकडं बघितलं. ताईनं चमच्यानं वाटी ढवळली तर शेवेखाली नखाएवढी पाकळी निघाली, कडेला तांबूस झालेली, मधी काचेसारखी, आणि तिच्यावर त्या उभ्या रेषा. साहेब, कांदा ओळखायला मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. कॅप्टनला बोलावलं तर म्हणतो, "टोमॅटोचं साल आहे ते." मी ते त्याच्या तळहातावर ठेवलं. मग म्हणतो चुकून एखादा तुकडा आला असेल. मग दाजींनी जरा आवाज चढवला तेव्हा कुठं खरं बाहेर पडलं, "सर गर्दीच्या टायमाला ग्रेव्ही एकच असते, शेफनं त्याच्यातच मारली."

आता हे मला कळत नाही असं नाही. माझे मामा अंबाजोगाईला खानावळ चालवायचे, सुट्टीत मी तिथंच पडलेला असायचो. सकाळी कांदा-टोमॅटोचं एक मोठं पातेलं लावून ठेवायचं आणि दिवसभर त्याच्यातून भाज्या काढायच्या, सगळेच करतात, त्याशिवाय हॉटेल चालतच नाही. पण बिनकांद्याची मागितली की मामा टोमॅटो आणि मगजबीची वेगळी फिरवून घ्यायचे, आणि तयारी नसली तर तोंडावर नाही म्हणायचे. तुम्हाला नाही म्हणायला काय झालतं? कांदा असणं ही चूक नाहीच, "वेगळी बनते" म्हणून वाढलं ती चूक आहे.

आईनं मग ताक घेतलं आणि भाकरी मीठ लावून खाल्ली. घरी आल्यावर माळ हातात धरून बराच वेळ बसली होती. मला म्हणली जाऊ दे रे, त्या पोराला कशाला बोललास, त्याला मालक रागवंल. त्यामुळं त्या पोराला कामावरून काढा वगैरे माझं अजिबात म्हणणं नाही, उलट त्याला "नाही" म्हणायची परवानगी द्या.

आता बिल. एवढं होऊन बिलात जैन एक्स्ट्रा 30 रुपये लावलेलेच होते, कमाल आहे. जेवण 1480, त्याच्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज 148, मग दोन्हीवर 5 टक्के जीएसटी, एकूण 1709. सर्व्हिस चार्ज काढा म्हणलं तर काउंटरवाले म्हणले सिस्टिममधून आपोआप येतो, निघत नाही. आपोआप लावायचा नाही असंच तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला सांगितलंय, आणि 28 मार्च 2025 ला दिल्ली हायकोर्टानं ते कायम ठेवलंय. द्यायचा का नाही ते गिऱ्हाईकानं ठरवायचं. मागं लोकं उभी होती, लेकरं पेंगलेली, म्हणून भरून निघालो. आणि बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या लायसनचा, 14 आकडी नंबर पण नाही, तो 2022 पासून छापावा लागतो. वर श्री गणेशाय नमः आहे, खाली थँक्यू व्हिजिट अगेन आहे, नंबर तेवढा नाही.

पूर्ण पैसे परत द्या असं मी म्हणत नाही, आम्ही बाकीचे जेवलोत. सर्व्हिस चार्ज 148, जैनचे 30 आणि त्याच्यावरचा जीएसटी 8 रुपये 90 पैसे, असे 186 रुपये 90 पैसे ज्या नंबरवरून यूपीआय केलं त्याच नंबरवर टाका. आणि मेन्यूकार्डवर, जिथं जैन मिळेल लिहिलंय, तिथं एक तर ते खोडा नाही तर वेगळं पातेलं लावा. आठ दिवस वाट बघतो, नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 ला फोन लावून तक्रार टाकणार. फुकटचं डेझर्ट कूपन वगैरे पाठवू नका, ताई तर म्हणते पुन्हा त्या रोडनंच जायचं नाही.

बिलाचा फोटो आणि त्या वाटीचा फोटो सोबत जोडलाय. वाटीचा जरा हलला आहे, पण कांदा दिसतोय.

आपला,
सात नंबर टेबलवाला, लातूर