झाडपाल्याची माहिती आधी गावाच्या नोंदवहीत यावी

मा. संपादक महोदय,

पावसाळा सरला की आयुर्वेद, वैद्यकीय आणि औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासमोहिमा कोयना-चांदोलीच्या सदाहरित रानाकडे निघतात. त्यांचे स्वागतच आहे. अंजनी, जांभूळ, पिसा ही झाडे वाळवलेल्या नमुन्यावरून पाठ करणारा विद्यार्थी रानात गेला की गोंधळतो, हे मी शिक्षक म्हणून पाहिले आहे. प्रश्न आहे तो या मोहिमांत गोळा होणाऱ्या माहितीचा.

पाटण किंवा जावळी तालुक्यातील एखादी आजी बाळंतिणीला कोणता पाला द्यावा, तो कोणत्या महिन्यात तोडावा आणि कोणाला मुळीच देऊ नये, हे मुलांना मोकळेपणाने सांगते. मुले ते प्रकल्पवहीत उतरवतात, गुण मिळवतात आणि वही महाविद्यालयाच्या कपाटात जाते. आजीच्या गावात त्याचा एक कागदही राहत नाही. वास्तविक जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर नोंदवह्या तयार करण्याची घाई झाली, पण माझ्या पाहण्यात आलेल्या वह्यांत झाडांच्या याद्याच अधिक आहेत, औषधी वापराच्या रकान्यात दोन-तीन शब्दांपलीकडे काही नाही.

लेखी नोंदीचे मोल सांगलीच्या हळदपेठेला तरी वेगळे सांगायला नको. हळदीने जखम भरून येते, या घरोघरी ठाऊक असलेल्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले; वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने छापील दाखले पुढे ठेवले, म्हणून ते १९९७ मध्ये रद्द झाले. हळदीला दाखले होते. कोयनाकाठच्या पाल्याला ते कुठून आणणार?

याउलट केरळच्या अगस्त्य पर्वतरांगेत १९८७ मध्ये गेलेल्या संशोधकांच्या तुकडीला कानी आदिवासी वाटाड्यांनी थकवा घालवणारी ‘आरोग्यपच्चा’ ही वनस्पती दाखवली. तिच्यापासून पुढे ‘जीवनी’ हे औषध तयार झाले, तेव्हा परवाना शुल्क आणि स्वामित्वधन यांतला निम्मा वाटा कानी समाजाला देण्याचे ठरले. त्या व्यवहारातही उणिवा निघाल्या, परंतु माहिती कोणी दिली हे निदान नोंदलेले होते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. कोयना धरण आणि चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान यांच्यापायी उठलेल्या गावांतील पुष्कळ माणसे आज सपाटीवरच्या पुनर्वसित वसाहतींत राहतात. ज्यांना मुळी-पाल्याची जाण आहे ते तिथे, आणि झाडे राहिली मागे रानात. नव्या पिढीला दाखवायला झाडच समोर नसल्यामुळे ही जाण त्या म्हाताऱ्या माणसांबरोबरच संपेल. म्हणून मोहिमांनी रानात शिरण्याआधी या वसाहतींत जाऊन बसावे आणि शक्य असेल तिथे त्या जाणत्यांना मानधन देऊन सोबत न्यावे. त्यांना वाटाडे न म्हणता शिक्षक म्हणावे, एवढीही अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

सांगितलेला प्रत्येक उपाय खरा ठरतोच असे अर्थातच नाही. मण्यार किंवा घोणस चावल्यावर मुळीच्या भरवशावर वेळ घालवणे जिवावर बेतते. तिथे सर्पविषरोधक लसच हवी, हेही मुलांनी त्याच बैठकीत गावकऱ्यांना सांगितले पाहिजे. तसेच झाडाचा नेमका ठावठिकाणा उघड करू नये. कर्करोगावरील औषधांसाठी लागणारे कॅम्पटोथेसिन हे द्रव्य नरक्या या झाडात असल्याचे कळल्यावर सह्याद्रीत त्याची चोरटी तोड कशी झाली, ते आपण पाहिले आहे.

वनविभागाने अशा मोहिमांना परवानगी देताना दोन अटी घालाव्यात: गावाच्या जैवविविधता समितीची पूर्वसंमती, आणि सांगणाऱ्याच्या नावासह मराठीत लिहिलेल्या टिपणांची एक प्रत ग्रामपंचायतीत जमा केल्याची पोच. ही पोच जोडल्याशिवाय महाविद्यालयांनीही प्रकल्पाचे गुण देऊ नयेत.

— एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक, कराड (जि. सातारा)