हुगळीकाठच्या मराठी पुस्तकांसाठी मराठी भाषामंत्र्यांना खुले पत्र

मा. मराठी भाषामंत्री,
महाराष्ट्र शासन, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तेव्हापासून जुन्या ग्रंथांच्या जतनाविषयी पुष्कळ बोललं जातं. त्या कामात श्रीरामपूरचा समावेश करावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे. हे श्रीरामपूर अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे, पश्चिम बंगालमधलं, हुगळीच्या काठावरचं. तिथल्या ख्रिस्ती मिशनच्या छापखान्यात दोनशे वर्षांपूर्वी मराठी पुस्तकं छापली गेली.

तिथल्या बॅप्टिस्ट मंडळीचे, म्हणजे त्या पंथाच्या ख्रिस्ती उपासकांच्या संघाचे, पाळक (धर्मगुरू) विल्यम कॅरी. इंग्लंडमधल्या मोल्टन गावात पाळक असताना मानधन तुटपुंजं, म्हणून ते जोडे शिवत आणि शाळाही चालवत. पुढे लेस्टरच्या मंडळीची जबाबदारी घेतली आणि १७९३ मध्ये सहकुटुंब बंगालात आले. दुसऱ्याच वर्षी मुलगा पीटर गेला, पत्नी डोरोथी यांचं मन कायमचं ढासळलं. कॅरींच्या कामाचं कौतुक करताना त्या माउलीने मोजलेली किंमत विसरू नये, असं मला मनापासून वाटतं.

श्रीरामपूर तेव्हा इंग्रज कंपनीच्या नव्हे, डेन्मार्कच्या अमलाखाली होतं, म्हणून १८०० मध्ये तिथे मिशनला थारा मिळाला. त्याच वर्षी २८ डिसेंबरला कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा विधी, हुगळीच्या पात्रात झाला. त्याचा निखळलेला हात मिशनच्या डॉक्टरांनी बसवला होता, ओळख तिथूनची. १८०३ मध्ये गोकुळ हा मंडळीतला माणूस वारला. त्याची शवपेटी कोणी उचलली, तर कॅरींचे मिशनमधले सहकारी मार्शमन आणि स्वतः कॅरींचा मुलगा फेलिक्स या दोन इंग्रजांनी, पूर्वाश्रमीचा ब्राह्मण भैरव आणि पूर्वाश्रमीचा मुसलमान पीरू यांनी. प्रेताला कोणी हात लावायचा हे जात ठरवत असे, त्या काळातली ही गोष्ट आहे. या मंडळीचा इतिहास मला कुठल्याही इमारतीपेक्षा त्या चार खांद्यांवर जास्त दिसतो.

आता आपल्या मराठीचं. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवू लागले. पगार मिशनच्या सामाईक खजिन्यात जाई. नागपूरचे पंडित वैजनाथ त्यांच्या मदतीला होते. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण निघालं, नेहमीच्या विषयांवरचे मराठी संवाद त्याला जोडलेले होते. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला, त्यातले मराठी शब्द मोडी लिपीतल्या खिळ्यांनी, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांनी, छापलेले. १८११ मध्ये बायबलमधला ‘नवा करार’ मराठीत छापून झाला. पुढे सिंहासन बत्तिशी, हितोपदेश, नागपूरकर भोसल्यांची वंशावळही छापली गेली. पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर या बंगाली कारागिरांच्या हातांनी या छापखान्याचे खिळे घडले. ११ मार्च १८१२ च्या आगीत छापखाना भस्मसात झाला, हस्तलिखितं गेली. खिळे घडवायचे ठसे मात्र वाचले होते. वितळलेल्या धातूतून खिळे पुन्हा ओतून ही माणसं काही महिन्यांत कामाला लागली.

महोदय, डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाने श्रीरामपूरच्या जुन्या वास्तूंच्या जतनात पुढाकार घेतला. तिथल्या सेंट ओलाव्ह चर्चच्या जीर्णोद्धाराला २०१६ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. डेन्मार्कने ती वसाहत १८४५ मध्येच विकली होती, तरी त्यांना तिथल्या वारशाची आठवण आहे. आपली तर भाषा तिथे छापली गेली.

म्हणून विनंती अशी: राज्य मराठी विकास संस्थेने श्रीरामपूर कॉलेजशी रीतसर करार करावा. कॅरींच्याच पुढाकाराने १८१८ मध्ये सुरू झालेल्या या कॉलेजच्या कॅरी ग्रंथालयात मिशनचा जुना संग्रह आहे. तिथल्या मराठी पुस्तकांची नीट सूची करून उत्तम प्रतीचं स्कॅनिंग व्हावं. १८१० चा कोश देवनागरीत उतरवून शब्द शोधता येईल अशा रूपात सर्वांना खुला व्हावा. पुराभिलेख विभागाच्या वर्गांतून मोडी शिकलेली मंडळी राज्यात आहेत, हे काम त्यांना मानधन देऊन सोपवावं. मीही मोडी वाचते, माझा वेळ द्यायला तयार आहे. आणि या ग्रंथांच्या पहिल्या पानावर कॅरींच्या जोडीने पंडित वैजनाथांचं नाव ठळक छापावं.

आपल्या विभागाने यावर काय ठरवलं, ते जाहीरपणे कळवावं.

आपली नम्र,
एक मोडी वाचक